पाचांतलं एक नाव

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढे. उत्तराची घाई नको. अन्याय करायला माणूस दुष्टच असावा लागतो का?

नाही— विचार करा! अन्याय करणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतो? मिशा पिळणारा, डोळे तांबारलेले, हातात चाबूक. नाटकातला! पण नियमाने चालणारा सज्जन माणूस? कुणाला अरे-तुरे न करणारा, मुंगी चुकवून पाय टाकणारा? त्याच्या हातून होईल अन्याय? पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवून 'नाही' म्हणतायत. आजोबा, माझीही मान अशीच हलत होती, बरं का! पुष्कळ वर्षं हलत होती.

म्हणा— नारायण हरी! नारायण हरी!

तर ऐका. चंद्रशैल नावाचं एक गणराज्य होतं. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. कथेतलं राज्य आहे. उंच डोंगरावर वसलेलं नगर, भोवती तट. आणि ह्या राज्याला राजा नाही! सिंहासन नाही, युवराज नाही, राण्यांची भांडणं नाहीत— म्हणजे अर्धी कथा इथेच गेली बघा! राज्य चालवायची सभा. दर तीन वर्षांनी सभा हात वर करून एक गणप्रमुख निवडायची.

पण सभेत बसायचं कुणी? तिथे तीन वर्ग होते. पहिले तटकरी. ह्यांच्या पूर्वजांनी तटाचे दगड बसवले, म्हणून मान ह्यांचा. पांढरी पगडी घालून सभागृहात बसायचे. दुसरे पेठकरी— विणकर, सोनार, वैद्य, दुकानदार. ते मागच्या बाकांवर. त्यांना हात वर करता यायचा, पण तटकऱ्यांनी केल्यावर! आणि तिसरे जळवाही. डोंगरावर पाणी कुठलं? पलीकडच्या डोंगरात झरा होता. तिथून एक भुयार खणून पाणी नगरात आणलेलं. ते भुयार साफ करायचं, गाळ उपसायचा, घरोघर पाणी पोचवायचं हे जळवाह्यांचं काम. त्यांची जागा सभागृहाबाहेरच्या आवारात. उभं राहून ऐकायचं. हात वर करायचा नाही.

आणि नगराच्या वहीत तटकरी, पेठकरी ह्यांचं एकेक नाव लिहिलेलं. जळवाह्यांची? 'घर सातवे, माणसे चार.' 'घर आठवे, माणसे सहा.' बस्स! एक मेला, एक जन्मला, तरी आकडा तोच. वही कशी स्वच्छ! एक खाडाखोड नाही!

आता ह्या राज्याची एक मोठी सुंदर चाल होती. गणप्रमुखाची तीन वर्षं संपली की उतरणीचा दिवस यायचा. त्याने पगडी काढायची, अंगावरची शाल काढायची, सभागृहाच्या पायऱ्या उतरून आवारात उभं राहायचं. आणि त्या दिवशी आवारात जमलेल्या कुणीही एकाने त्याला एकच प्रश्न विचारायचा. उत्तर खरं द्यायचं. देता आलं नाही, तर वर्षभर त्या विचारणाऱ्याचं काम करायचं! विणकराने विचारलं तर माग, जळवाह्याने विचारलं तर भुयार.

किती शहाणे पूर्वज! पण पुढचे त्याहून शहाणे! त्यांनी काय केलं, प्रश्न आधीच ठरवून टाकला. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या जळवाह्याला बोलवायचं, नवं धोतर द्यायचं आणि पाठ करून घ्यायचं— 'प्रमुख, आपल्या तटाला बुरुज किती?' प्रमुखाने म्हणायचं, 'अकरा.' की टाळ्या! की लाडू!

हसताय? आपल्याकडे नाही असलं काही. हो ना?

त्या साली गणप्रमुख होता भद्रसेन. माणूस कसा? सोनं! तीन वर्षांत कुणाकडून फुलाची परडी भेट घेतली नाही. प्रत्येक अर्ज स्वतः वाचायचा. प्रत्येक निर्णय नियमाला धरून. लोक म्हणायचे, असा प्रमुख झाला नाही.

त्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळा कडक पडला. पाणी आटलं. भुयारात गाळ साचला होता, तो उपसायला हवा. जळवाह्यांत जानबा नावाचा म्हातारा जाणता होता. तो कारभाऱ्याकडे आला. कारभाऱ्याचं नाव विभांडक.

"कारभारी, छतातून माती गळतेय. आधी लाकडांचा टेकू लावू द्या, मग माणसं आत घालू."

विभांडकाने भद्रसेनाला विचारलं. भद्रसेनाने काय केलं? जानबाला बोलावलं? छत पाहिलं? नाही. त्याने नियम काढून वाचला! नियम होता— टेकू पावसाळ्यापूर्वी लावावा. पावसाळा दोन महिने लांब, म्हणजे टेकूची घाई नाही! सही केली.

दहा माणसं आत गेली. छत बसलं. पाच परत आली.

निरोप आला तेव्हा भद्रसेन जेवत होता. ताटावरून उठला हो! त्याला दुःख झालं, खरंच झालं. त्याने विचारलं, "किती गेले?"

"पाच."

"त्यांच्या घरी वर्षाचं धान्य पोचवा."

पोचलं. बघा मंडळी, कुठे चुकला तो? धान्य दिलं. चौकशी केली. पण चौकशी कशी केली? 'किती' विचारलं. 'कोण' नाही विचारलं.

त्या पाचांत एक होता सटवा. त्याची बायको तुंगा. चंद्रशैलात रीत होती, राज्याच्या कामात कुणी मेला की सभागृहाच्या भिंतीवर त्याचं नाव कोरायचं. तुंगाने लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला— माझ्या नवऱ्याचं नाव भिंतीवर घाला. उत्तर आलं, 'नाव वहीत नाही, म्हणून भिंतीवर घेता येत नाही.' खाली भद्रसेनाची सही. तिने पुन्हा अर्ज केला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा केला. तेच! अक्षर मात्र सुरेख!

आणि उतरणीचा दिवस उजाडला.

आवार भरलंय. भद्रसेन पगडी काढून पायऱ्या उतरला. लाडवांची ताटं तयार. नवं धोतर नेसून जानबा पुढे आला. विभांडक ओठांतल्या ओठांत त्याला आठवण देतोय— बुरुज... बुरुज...

जानबा थांबला. म्हणाला, "माझा प्रश्न मी हिला दिला." आणि बाजूला झाला.

मागून तुंगा पुढे आली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. पण आवाज साफ!

"प्रमुख, तुमच्या कारभारात भुयारात पाच माणसं गेली. पाची नकोत. त्यांतल्या एकाचं नाव सांगा."

सगळ्या माना भद्रसेनाकडे वळल्या, मंडळी. पंखा हलवणाराही थांबला.

भद्रसेनाला अर्ज आठवले. तीन अर्ज वाचले होते की! प्रत्येकात नाव होतं. पण तो वाचत काय होता? नियमात बसतंय का, एवढंच! नावावरून नजर गेली आणि पुढे सरकली. आठवेना!

तेवढ्यात विभांडक पायरीवरून वाकला, कानाशी लागला. "प्रमुख, राघू म्हणा. सोमा म्हणा. काहीही म्हणा! वहीत कुठे आहे? कोण पडताळणार?"

आणि खरं होतं ते! ज्याची नोंदच नाही, त्याचं खोटं पकडायचं कशाने? एक नाव तोंडातून टाकायचं, की सुटका. ह्या बाईचं म्हणणं खोडायला सगळी सभा तयार बसलेली. मंडळी, माणसाची परीक्षा सगळे बघत असतात तेव्हा होत नाही हो. आपण सुटणार हे पक्कं ठाऊक असतं, तेव्हा होते!

भद्रसेनाचं तोंड उघडलं. त्याने तुंगाकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती— नाव येतंय का, नाव येतंय का! आणि त्याच्याच्याने खोटं बोलवेना.

"बाई, मला माहीत नाही."

गोंधळ! तटकरी उठले. "प्रश्न रद्द करा! वहीत नसलेलं नाव विचारताच येत नाही!" कुणी म्हणालं, "बाईला शिकवून पाठवलंय!" भद्रसेनाने हात वर केला. "प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही." मग तुंगाला विचारलं, "बाई, नाव काय होतं त्यांचं?"

तुंगा म्हणाली, "आता इथे नाही सांगायची. माणसाचं नाव असं आवारात फेकत नाहीत. उद्या भुयारावर या."

दुसऱ्या दिवशी भद्रसेन गेला. डोक्याला फडकं, हातात टोपली. भुयाराचं तोंड एवढंसं! ओणवं होऊन शिरायचं. आत मिट्ट काळोख, गुडघाभर गार चिखल. दिवा न्यावा तर धुराने जीव गुदमरतो, म्हणून दिवाही नाही. एकामागे एक रांग. सटवाच्या जागी आता तुंगाच कामाला जायची. ती भद्रसेनाच्या मागे.

आणि आत शिरताच हाका सुरू झाल्या. मागचा पुढच्याचं नाव घेतो, पुढचा म्हणतो, 'आहे!' दर दहा पावलांवर. उत्तर आलं नाही, तर समजायचं— माणूस पडला, ओढा त्याला बाहेर!

मागून तुंगाने हाक दिली, "भद्रा!"

हा गप्प. "भद्रा!" तरी गप्प! अहो, जन्मात त्याला कुणी नुसतं भद्रा म्हटलेलं नाही. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला हाक मारतेय! तुंगाने त्याचा पाय धरून हिसडला. "अहो, जिवंत आहात ना? मग बोला की!"

"आहे! आहे!"

सगळी रांग हसली. काळोखात हसली. आणि भद्रसेनाला कळलं— वर सभागृहात नाव म्हणजे मान. इथे खाली नाव म्हणजे जीव! नाव घेणारं कुणी मागे आहे, म्हणून माणूस परत येतो.

मधोमध एका जागी रांग थांबली. छत बसलं होतं ती जागा. तुंगाने हाक दिली, "सटवा!" सगळी रांग म्हणाली, "आहे!" मग, "केरू!" "आहे!" "भागू!" "आहे!" "म्हाळू!" "आहे!" आणि शेवटी, "येसा!"

येसा? भद्रसेन चमकला. मागून तुंगा म्हणाली, "येसा बाई होती. लेकुरवाळी." त्याच्या डोक्यात वर्षभर पाच पुरुष मेले होते. पाचवी एक लेकुरवाळी बाई होती, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं! तो चिखलात बसला आणि रडला, मंडळी.

वर्षभर त्याने गाळ उपसला. तटकऱ्यांनी त्याला पंगतीला बोलवायचं सोडलं. चिखलाचा वास येतो म्हणाले. वर्ष संपल्यावर तो सभेत आला आणि ठराव मांडला— जळवाह्यांचं एकेक नाव वहीत लिहा, आणि त्यांचाही हात मोजा. काय झालं? सगळ्यांचे डोळे उघडले? छे! ठराव पडला. सपशेल पडला! तो पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. पुन्हा पडला. तिसऱ्या वर्षी पेठकरी तटकऱ्यांकडे न बघता आधी हात वर करून मोकळे झाले, आणि चार हातांनी ठराव तरला. चार!

मग भिंतीवर पाच नावं कोरली गेली. तुंगा बघायला आली. सभागृहात तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं. भिंतीपुढे उभी राहिली. तिला वाचता कुठे येत होतं?

"ह्यातला सटवा कुठला?"

भद्रसेनाने तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर टेकवलं. "हा. इथून सुरू होतो... आणि इथे संपतो."

तिने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तीनदा फिरवलं. मग म्हणाली, "लहानसंच आहे हो." आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. कितीतरी वेळ.

संपलं आख्यान.

आता मंडळी, भद्रसेन दुष्ट होता का? नाही ना! तरीही पाच घरांवर अन्याय झाला. दुष्टपणाने नाही झाला, न विचारण्याने झाला! आपण दुष्ट नाही, एवढ्यावर आपण किती निवांत असतो!

माझंच सांगतो. बावीस वर्षं ह्या देवळात येतोय. उतरतो त्या घरी एक बाई दर खेपेला माझ्या पायांवर पाणी घालतात. आज सकाळी हे आख्यान मनात घोळवत अंगणात उभा होतो. त्या तांब्या घेऊन आल्या. बावीस वर्षं! आणि मला नाव माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली हो. काय म्हणतील, महाराज इतकी वर्षं येतात आणि... तरी विचारलं. त्या आधी हसल्या. मग तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "यमुनाबाई."

नाव सांगायला माणूस पदर सारखा करतो, मंडळी! घरी जाल तेव्हा आठवून पाहा, तुम्ही कुणाला विचारायचं राहिलंय. आणि आठवलं, तर उद्यावर टाकू नका.

म्हणा— नारायण हरी! नारायण हरी!