गाव जागचं हललंच नाही

उत्पला : …आणि शेवटी काय लिहिलंय माहितीय? ‘व्हिसा नाकारण्यात येत आहे. अर्जदार मायदेशी परत येईल याची खात्री पटत नाही.’ सही, शिक्का. आज्जे, तुझी खात्री पटंना त्यांना!

नागुबाई : माझी? मुरुडच्या बाजारातून दिवेलागणीच्या आत घरी असते की मी.

उत्पला : पासपोर्टावर जिल्हा उस्मानाबाद, तलाठ्याच्या नव्या दाखल्यावर जिल्हा लातूर. साहेब म्हणतो, बाईचे पत्ते दोन, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.

नागुबाई : नवा जिल्हा सरकारनं केला. म्या काय केलं? चूल होती तिथंच हाय.

उत्पला : तेच तर! गाव तसूभर हललं नाही आणि संशय आपल्यावर. आता असं झणझणीत पत्र लिहिते बघ! वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेय मी—

नागुबाई : हाव, ठावं हाय. टँकरच्या सगळ्या रांगेला सांगून आलीस.

उत्पला : हसू नको, ऐक. ‘महोदय, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या देशाचा एक माणूस आमच्या आटलेल्या विहिरीचे फोटो काढायला आला. तू परत जाशील का, असं त्याला कुणीही विचारलं नाही.’

नागुबाई : विचारलं की. ‘एवढ्यात कुठं निघाला, भाकर खाऊन जा,’ म्हणलं म्या.

उत्पला : आज्जे! तुझासुद्धा फोटो नेला त्यानं. फोटो बरा गेला, बिनव्हिशाचा.

नागुबाई : रिकाम्या घागरीसंगट. बरं, म्होरं वाच.

उत्पला : ‘माझी आजी दाई आहे. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. तिची लेक पंचफुला तुमच्याकडच्या दवाखान्यात नर्स आहे, तुमच्याच लोकांची सेवा करते. तिचं पहिलं बाळंतपण आहे, आणि—’

नागुबाई : याचा जबाब कवा येईल?

उत्पला : तहसीलदाराचा दाखला जोडायचा, पुन्हा मुंबईला अर्ज… तीन महिने तरी.

नागुबाई : आन् पंचफुलाचे दिस किती राहिले?

उत्पला : …वीस.

नागुबाई : मग ठिव ते बाजूला.

उत्पला : फाडू?

नागुबाई : फाडतीस कशाला? लई चांगलं लिवलंस. धाड ते. पर आधी दुसरा कागद घे, उद्याच्या टपालात पडला पायजे. पंचफुलाला लिव्ह.

(उत्पला कोरा कागद घेते.)

उत्पला : काय लिहू? तू येत नाहीस म्हणून?

नागुबाई : ते एका वळीत लिव्ह. मग लिव्ह, लेकराला पायावर पालथं घालायचं. डावा हात छातीखाली. मान लटकू द्यायची न्हाई.

उत्पला : आत्या नर्स आहे, आज्जे. तिला येतं सगळं.

नागुबाई : दुसऱ्याच्या लेकराचं येतं. आपल्या लेकराला धरताना हात कापतेत. लिव्ह.

उत्पला : …लिहिलं. अजून?

नागुबाई : न्हाऊ घालताना हात आखडू नको म्हणाव. दोन बादल्या लागू देत न्हाई तर चार. तिकडं टँकरची वाट बघायची नसती.