हिवाळ्यातला एसी

देवीदास : जाळीसमोर हात धरून पाह्य, मनकर्णा. लागते का थंड?

मनकर्णाबाई : सारंच थंड लागून राहिलं. स्वेटर, शाल अन् वरून दोन गोधड्या. आता एसीची थंडी कोनती अन् पौषाची कोनती, मले कसं कळन?

देवीदास : पंखा फिरते, पन बाहेरचा डब्बा घुरघुरून नाही राहिला. सोळावर केला तरी मुकाच.

मनकर्णाबाई : मंग परत करा. आठ दिवसात खराबी दिसली तर बदलून देईन म्हने न दुकानदार? आज सातवा हाय.

देवीदास : म्हनून त सकाळी सकाळी चालवून पाहून राहिलो!

मनकर्णाबाई : जानेवारीत एसी घेते का कोनी? साऱ्या बाळापुरात तुमीच एक.

देवीदास : अवं, आपन भाजीवाले! कोथमिरीची जुडी भर पावसात काय भावानं जाते? अन् आता? गाईम्होरं टाकून राहिलो. मशीनचं बी तेच. एप्रिलमधी त्या दुकानदारानं मले दारात उभं नसतं केलं. आता चहा पाजला, चार हजार कमी केले, वरून स्टॅबिलायझर फुकट!

मनकर्णाबाई : असाच गिझर आनला होता मे महिन्यात. पंचेचाळीस डिग्रीत कडक पान्यानं आंघोळ करून दाखोली मले, चालते म्हनून.

देवीदास : चालला न मंग?

मनकर्णाबाई : गिझर चालला. तुमी दोन दिवस पडून होते. थांबा, करिश्माचा फोन वाजून राहिला अमरावतीहून. व्हिडिओवाला हाय.

करिश्मा : आई! अवं, हे काय? तुमी दोघं गोधडीत अन् एसी सुरू?

देवीदास : बेटा, सासूबाई जवळ हाय का?

करिश्मा : आत्याबाई देवघरात आहेत. हळू बोला.

देवीदास : हा खराब निंघाला वाटते वं. त्याइले मी छातीठोक सांगतलं होतं, मेमधी पोरीचं पयलं बायंतपन आमच्याच घरी. त्या म्हने, टिनाच्या खोलीत लेकरू भाजून निघन, अमरावतीलेच होऊ द्या. म्हनून त घेतला. आता कोन्या तोंडानं सांगू?

करिश्मा : बाबा, मले तिकडंच यायचं हाय. आत्याबाई लय करतात माह्यं, पन तवा मले आईच जवळ पाहिजे. आता सांगा, काय होऊन राहिलं त्याले?

देवीदास : सोळावर ठेवला, तरी बाहेरचा डब्बा चालत नाही.

करिश्मा : अन् बाळापुरात आज किती डिग्री हाय? तुमच्या मोबाईलवर पाहा बरं.

देवीदास : बारा.

करिश्मा : बारा! बाप्पा! अहो बाबा, खोलीच सोळाच्या खाली हाय, मंग तो बिचारा थंड काय करन? अगं आई, पोट दुखून राहिलं हसून!

मनकर्णाबाई : हळू हास वं, पाचवा महिना हाय तुले.

करिश्मा : खोली गरम करा पहिले. मंग सुरू होईन तो.

मनकर्णाबाई : म्हनजे थंड कराची म्हनून गरम कराची?

देवीदास : हीटर! मनकर्णा, हीटर! होळीनंतर अर्ध्या किमतीत आनला होता न!

मनकर्णाबाई : डब्ब्यातच हाय. परवा थंडीनं दात वाजत होते, म्या मागतला, तर म्हने बिल येईन.

देवीदास : आन न लवकर! अन् खिडकी लाव!

(अर्ध्या तासाने. फोन अजून सुरूच आहे.)

मनकर्णाबाई : मायबाई, घाम सुटला मले. स्वेटर काढला, शाल काढली. दार उघडू का जरासं?

देवीदास : दाराले हात नको लावू! रिमोट दाबू का, करिश्मा?

करिश्मा : दाबा!

देवीदास : चूप. चूप सारे. ऐकलं का? घुरघुरला! घुरघुरला वं!

मनकर्णाबाई : अगगं! काय हवा हाय! मीटर पाहा मीटर, कसं पळते ते!

देवीदास : पळू दे! ऊठ, फुगडी खेळ माह्यासंग!

मनकर्णाबाई : सरका तिकडं. गोधडी द्या माही.

करिश्मा : बाबा नाचून राहिले! आत्याबाई, या न इकडं, पाहा!

ललिताबाई : काय गोंधळ आहे हा? देवीदासभाऊ, तब्येत बरी आहे न?

देवीदास : नमस्कार व्याहीनबाई! हा पाहा एसी! आता टिनं कितीबी तापू द्या, माहा नातू स्वेटर घालून झोपन!

ललिताबाई : दिसला. छान आहे. अन् लाईन गेली तर?

देवीदास : लाईन?

ललिताबाई : मे महिन्यात तुमच्याकडे दुपार-दुपार लाईन नसते. तुमची लेकच सांगते.

करिश्मा : बाबा, बोला न काही.

देवीदास : काय बोलू? लाईन त जाते.

मनकर्णाबाई : ताई, मी सांगू का? करिश्मा बी मेमधलीच. याच खोलीत तिले दवाखान्यातून आनलं. पंखा होता, तर लाईन नव्हती. हे आपला दुपट्टा भिजवत अन् तिच्यावर हवा घालत बसत. उजवा हात दुखला की डावा. सवा महिना बजाराले गेले नाही, वांगे वावरात सडून गेले. लगन होऊन दोन वर्सं झालती आमचं, पन मानूस मले तवा आवडला.

देवीदास : तू कायले सांगत बसली ते?

मनकर्णाबाई : खरं हाय म्हनून.

करिश्मा : मले कधीच नाही सांगितलं तुमी हे.

ललिताबाई : डोळे पूस, करिश्मा. भाऊ, एप्रिल लागला की या हिला घ्यायला.

देवीदास : खरंच म्हनता?

ललिताबाई : खरंच. अन् एसी असू द्या, पण तो दुपट्टा धुऊन ठेवा.