नव्या जहाजातल्या मिरच्या

नव्या जहाजाचं मला नका सांगू. क्रूझच्या तळाशी मी कपड्यांना इस्त्री करायचो. पंखा नाही, नुसता उकडून निघायचो. शेवटी सोडलं, दोंडाईचाला घरी बसलो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत लागलो. मुंबईत जहाज बघितलं तर अंगावर निळे मासे रंगवलेले, नाव वेगळं, चिमणीसुद्धा लाल. वडिलांना, नानांना, फोनवर दाखवलं. खूश झाले.

खाली इस्त्रीच्या खोलीत गेलो, तर पाइपला मीच टांगलेल्या घरच्या मिरच्या. नव्या मालकाने जुनंच जहाज रंगवून घेतलेलं.

परत फोन लावला. “नाना, जहाज तेच आहे. आपल्या मिरच्या अजून टांगलेल्या आहेत.”

“बुरशी लागनी का?”

“नाही. भट्टीत भाजल्यासारख्या खडखडीत वाळल्यात.”



“मंग पंखा काही लागना नही, भाऊ.”