पाहुण्यांचा भोपळा

किराण्याच्या रांगेत एका शिंप्याच्या पुढे दोन जावा उभ्या होत्या. त्यांच्या ट्रॉलीत, एखाद्या रुसलेल्या वडीलधाऱ्यासारखा, एक अवाढव्य भोपळा बसला होता.

"जाऊबाई, घरात तेरा माणसं, आणि भोपळा एकालाही आवडत नाही!"

"म्हणून तर एवढा स्वस्त मिळाला! वाचलेल्या पैशांत डाळ आली, अंडी आली."

"पण खाणार कोण? मागच्या वेळी भोपळा बघून मामंजी ताटावरून उठले आणि थेट बँकेत गेले. रविवारी!"

"या वेळी शिजवायचा, झाकायचा आणि ओरडून सांगायचं, कुणी हात लावू नका, पाहुण्यांसाठी आहे!"

"अगं बाई!"

"परवा पालकावर हेच करून बघितलं. पोरांनी पातेलं चाटून पुसून लख्ख केलं. तुझा नवरा तर शेवटचा घास खिशात घालून पळाला."

"म्हणजे तो हिरवा डाग पालकाचा होता? मी केवढी भांडले त्यांच्याशी!"

रांग पुढे सरकली. शिंपी पुढे सरकायचं विसरला नाही, उलट जरा जास्तच सरकला.

"जाऊबाई..."

"काय गं?"

"पाहुणे यायच्या आधी मला वाटीभर काढून ठेवाल?"

"अगं, कुणीही पाहुणे येणार नाहीयेत!"

"हो, ते कळलं मला. पण तरी."