राममूर्तीरावांच्या पुस्तकातले पानांचे आकडे

…आणि वर मीच म्हणालो, "द्या इकडे, त्यात काय एवढं!" कुणी सांगितलं होतं हो मला? रेल्वेच्या ऑफिसात रजेचे अर्ज टाइप करणारा माणूस मी, रत्नाकर, चेन्नईत येऊन अठरा वर्षं झाली… पण इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना वाटायचं की याला कॉम्प्युटर येतो, आणि मीही तसं वाटू दिलं, तुम्हाला सांगतो, तिथेच सगळं बिघडलं.

राममूर्तीराव म्हणजे तंजावरकडचे मराठी, वय एक्याऐंशी, शाळामास्तर होते. बायको गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातले शब्द लिहून काढत बसले, कशाला काय म्हणायची, काय कसं रांधायची… सहा वर्षं! त्याचं पुस्तक जुळवायला मी घेतलं, तेव्हा म्हणाले, प्रस्तावनेला रोमन आकडे घाल, आणि तिचा पहिला शब्द पान एकवर आला पाहिजे. एवढीच अट.

आता मशीन काय करतं, मुखपृष्ठालाच एक म्हणतं! पहिला शब्द जातो पान नऊवर. ऑफिसात श्रीवत्स बसतो शेजारीच, ही कामं रोज करतो. पण त्याला विचारलं असतं तर माझी जीभ झडली असती का? नाही विचारलं. मशीनचे आकडे पुसले, एंटर दाबत दाबत पानाच्या तळाशी गेलो आणि हातानं टाइप केलं, १… पुढच्या पानावर २… असं करत एकशे चाळीस पानं. आणि तुम्हाला सांगतो, स्वतःवर खूश होतो मी.

फाइल गेली ट्रिप्लिकेनच्या प्रेसमध्ये. तिथल्या कीर्तना नावाच्या मुलीनं समास थोडा बदलला, तिचं कामच ते, आणि माझे आकडे निघाले फिरायला… प्रूफं तपासायला माझ्याकडेच आली होती, मी वरची चार पानं चाळून सही केली. प्रकाशनाच्या दिवशी हॉल भरलेला, मंडळातल्या मीनाक्षीबाई मोठ्यानं वाचायला लागल्या, "चिंच कोळून ६३ उकळावी… मीठ हाताच्या अंदाजानं ६४…" लोक हसले. राममूर्तीराव हसले नाहीत. बोट ठेवून पानं उलटत राहिले.

मंडळाच्या चिटणिसांनी विचारलं, हे कुणी केलं? तेव्हा तरी खरं बोललो असतो तर जीभ झडली असती का? मी म्हणालो, "प्रेसमधल्या मुलीनं. तिला मराठी कुठे येतं." किती सहज म्हणालो हो… ती तिथे नव्हतीच ना!

दुसऱ्या दिवशी राममूर्तीराव मला घेऊनच प्रेसमध्ये गेले. कीर्तनाचे डोळे सुजलेले, मालकानं सगळ्यांसमोर झापलं होतं म्हणे. तिनं फाइल उघडली, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर माझे सगळे एंटर दिसायला लागले, एकाखाली एक, मुंग्यांची रांग लागावी तसे. तिनं माझ्याकडे पाहिलं. प्रस्तावनेनंतर फाइलचे दोन भाग केले, मागच्या भागाचे आकडे पुढे येऊ नयेत अशी एक खूण काढली, 'एकपासून सुरू' म्हटलं… पाच मिनिटं लागली नाहीत. पहिला शब्द पान एकवर.

राममूर्तीरावांनी तमिळमध्ये विचारलं, चूक कुणाची? ती म्हणाली, मशीनची, सार.

माझ्यासाठी म्हणाली हो! मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "राव, ते आकडे मी घातले. हातानं."

"मला कालच कळलें होतें," राव म्हणाले. "तिला मराठी येत नाही म्हणालास. मग मराठी आकडे कोण घालील?"

मी कीर्तनाची माफी मागितली, मालकासमोर, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. ती 'परवाल्ले सार' म्हणाली, जाऊ द्या, असू द्या… त्यानं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर छापलेल्या दोनशे प्रतींत राममूर्तीरावांनी एक चिठ्ठी लावायला सांगितली, मजकूर त्यांचा, डिंक माझा. 'मजकुरात मध्येच येणारे आकडे श्री. रत्नाकर यांचे आहेत. ते स्वयंपाकात घालू नयेत.'

पुस्तकात आपलं नाव छापून यावं अशी फार हौस होती मला… आलं.