सत्तावीस नंबरची चूक

"हॅलो? … हॅलो! कोण? … एमिल! अगं बाई, आज सूर्य टोलेडोकडून उगवला की काय! … थांब, थांब जरा, रिसीव्हर मानेत धरते. हाताला लाल लागलंय. … अरे रक्त नाही रे, रंग! … रंग, रंग!"

सोमवारची सकाळ होती, दहाचा सुमार. डॉटी हुडाकने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरली होती आणि हातभर ब्रशने तिच्यावर अक्षरं काढत होती. 'सत्तावीस नंबर, घरी' एवढं झालं होतं. 'जा'ला जागा उरली नव्हती. नवरा वॉल्टर दोरी शोधायला गॅरेजमध्ये गेला होता. पलीकडून बोलत होता तिचा जुळा भाऊ. चार तासांच्या रस्त्यावर राहायचा, पण गेल्या पन्नास वर्षांत गावात आला असेल तो फक्त लग्नाला नाहीतर मयताला.

"काय करतेय म्हणजे? फलक करतेय. … कशाला काय कशाला! काल फुटबॉलची मॅच बघितलीस ना? … मग? चार पॉइंट पुढे होतो आपण! चाळीस सेकंद राहिले होते, आणि हरलो! … हो, हो, तोच तो. मार्कीस ट्रेडवेल. सत्तावीस नंबर. … नाही, कौतुकाचा फलक नाही, एमिल, सरळ 'घरी जा' लिहितेय. पुलावर बांधणार आहोत. रोज सरावाला जाताना त्याच पुलाखालून जातो ना तो, येऊ दे नजरेला. … मी आणि मिली. बारा वाजता येतेय ती गाडी घेऊन. … चर्चमधलीच मिली, हो. … त्यात पाप कसलं? पाप त्याने केलं!"

ब्रश तिने डब्यात असा आपटला की लाल ठिपके थेट साखरेच्या बरणीवर उडाले.

"हे बघ, मला शिकवू नकोस. कॉर्नरबॅकला काम किती असतं? एक! समोरचा झेल घ्यायला पळाला की त्याला चिकटायचं. गोचिडासारखं. … हो, आणि हा काय करतो? अर्ध्या वाटेत सोडून देतो! जा बाबा, तुला उशीर होत असेल! … नाही, मी ओरडत नाहीये. … बरं, ओरडतेय. काल माझ्या हातात कोबीच्या गुंडाळ्यांची ताटली होती, एमिल. आता ती कुठेय, विचार. … टीव्हीला नाही लागली, मधे वॉल्टर बसला होता. … काही झालं नाही त्याला. टोमॅटोचं सार गरम नव्हतं.

"वय? एकवीस. … मग? एकवीस म्हणजे काय दुधाचे दात पडायचेत? एकविसाव्या वर्षी माझ्या कडेवर एक पोर होतं आणि दुसरं वाटेवर होतं. माझ्यावर नाही कोणी दया केली. … हो, पहिलंच वर्ष आहे त्याचं, माहितीये. … हो, मागच्या मॅचला दोन चेंडू अडवले. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या ना! टाळ्या घ्यायच्या आणि शिव्या नको म्हणायचं, असं चालत नाही."

एमिल काहीतरी समजावून सांगत होता, सावकाश, एकेक शब्द ठेवत. ही त्याची जुनी सवय. डॉटीला ती कधीच सोसली नव्हती.

"सेफ्टी? सेफ्टी कुठून आला आता मधेच? … हो, माहितीये रे सेफ्टी कोण असतो! सगळ्यांच्या मागे उभा राहणारा, शेवटचा राखणदार. … हं. … हं. … म्हणजे तुझं म्हणणं, या पोराने त्या पळणाऱ्याला मुद्दाम सोडला? … पुढचं मागच्याने बघायचं म्हणून? … ठरलेलं असतं तसं? … मग तो मागचा कुठे तडफडला होता? … मधल्या खेळाडूच्या हुलकावणीला फसला. वा! आणि हे तुला टोलेडोत बसून दिसलं. इथे टीव्हीवर तीन-तीन माणसं कोट घालून बसलीत, त्यांना नाही दिसलं. रेडिओवाल्याला नाही दिसलं. न्हाव्याच्या दुकानात काल बारा जण होते, एकाला नाही दिसलं! … नाही, मी पुन्हा बघणार नाही. एकदा बघितलं तेवढं बास, माझा पारा अजून उतरला नाहीये.

"बरं, बरं, ऐक ना. ऐक. तुझं सगळं खरं धरलं. मग त्या पोराने काल पत्रकारांसमोर काय सांगितलं? … बोल ना. … हां! 'चूक माझी आहे.' स्वतःच्या तोंडाने! मान खाली घालून! आता बोल. चूक त्याची नसेल तर माणूस उगीच कशाला कबूल करेल? एवढ्या लोकांसमोर? वेडा आहे का तो?"

तिने बरणीवरचा एक ठिपका कोपराने पुसला.

"हॅलो? … एमिल? … आहेस ना? … मग बोल की. … अरे, चिडलास? तुला काय एवढं लागलं त्या पोराचं? तू तर बोलूच नकोस, तू म्हणजे आमचा फाटक!"

हे तिच्या तोंडून सवयीने गेलं. गाव त्याला त्याच नावाने ओळखायचं. चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात, शाळेच्या शेवटच्या फुटबॉल सामन्यात, एमिल कॉर्नरबॅक खेळत होता. शेवटच्या मिनिटाला नदीपलीकडच्या शाळेचा एक लंबूटांग पोरगा त्याच्या बाजूने सुसाट निघून गेला आणि सामना गेला. दुसऱ्या दिवसापासून एमिलचा झाला फाटक. फाटक उघडं राहिलं, फाटकातून म्हैस गेली, फाटकाला कडी लावा. वडील ईस्टरपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये शाळा संपली तशी एमिलने पेटी उचलली आणि टोलेडोत जाऊन ट्रक चालवायला लागला.

"चेष्टा केली रे. … बरं, नाही म्हणत. … काय? … काय म्हणालास? … हो, तूही तेच म्हणाला होतास. माहितीये मला. कोचसमोर, सगळ्या शाळेसमोर. 'चूक माझी.' मी तिथेच होते ना, बँडमध्ये झांजा घेऊन. … मग? … म्हणजे काय, यातच उत्तर आहे? कोडी नको घालूस."

तिने रिसीव्हर मानेतून काढून नीट हातात धरला. आता त्यालाही लाल लागलं.

"एमिल. … तुझी नव्हती? … मग कोणाची? … नाही, असं नाही, 'जाऊ दे' म्हणून ठेवायचं नाही. तू फोन ठेवलास तर मी गाडी काढून टोलेडोला येईन. चष्मा नसताना येईन! … त्या दिवशी तुझ्या मागे कोण होता? … सेफ्टी. आपल्या शाळेचा. नाव सांग."

तिचं तिलाच आठवलं. बँडच्या बाकावरून तो पाठमोरा दिसायचा. हेल्मेट मोठं व्हायचं त्याला, सारखं मागे ढकलायचा. सबंध मोसम तिने चेंडूकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघितलं होतं.

"वॉल्टर," ती म्हणाली.

मागे गॅरेजमध्ये वॉल्टर दोरी शोधत होता. डबे पडल्याचा आवाज आला.

"हं. … हं. … हो, त्याचा बाप ऑक्टोबरात गेला. गिरणीत. … सतरा दिवस? सतराच झाले होते? … हो, मयताला सँडविचं मीच केली होती. … उभाच राहिला? … कुठे बघत होता? … स्टँडकडे. … तिसरी रांग. हो. त्याचे वडील तिथेच बसायचे, लाल टोपी घालून. … आणि तू पाहिलंस. … पळता पळता पाहिलंस."

डॉटी खुर्ची ओढून बसली. खुर्चीवर रंगाचं झाकण होतं, ते तिला कळलं नाही.

"मग बोलला का नाहीस, मूर्खा? … हो, खाल्लं असतं त्याला गावाने, पण तुला खाल्लं ना! … सोपं होतं म्हणे! काय सोपं होतं? … आपला बाप जिवंत होता म्हणून? अरे, तो जिवंत बाप बोलत नव्हता तुझ्याशी! … आणि पन्नास वर्षं, एमिल! मी तुला ख्रिसमसच्या कार्डावर 'प्रिय फाटकास' लिहायचे. सगळ्या पोरांना तुला 'फाटकमामा' म्हणायला शिकवलं! … हसू नकोस. हसू नकोस म्हणते ना! … मी रडत नाहीये, रंगाचा वास येतोय.

"तू गाव सोडलंस रे. … नोकरीसाठी कसलं, इथे गिरणी काय बंद होती तेव्हा? … मला वाटायचं, एवढ्याशा मॅचवरून आईला टाकून गेला. मी मनात धरलं ते. एवढी वर्षं धरलं. … का नको सांगू त्याला? … एमिल, अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाशी, आज काय तोंड शिवून बसू?"

दारात वॉल्टर उभा होता. हातात निळी दोरी, केसांत कोळिष्टक. तो तिच्याकडे बघत होता, मग त्याने चादरीकडे बघितलं.

"एमिल आहे?" त्याने विचारलं, आणि हात पुढे केला.

डॉटीने रिसीव्हर दिला. आयुष्यात पहिल्यांदाच अर्धवट बोलणं सोडून दिला असेल. आता तिला एकाच बाजूचं ऐकू येणार होतं, आणि वॉल्टर आधीच कमी बोलणारा.

"हं, मीच. … हो, ऐकलं. गॅरेजचं दार उघडं होतं. … नाही. … नाही, एमिल, तिने काही सांगितलं नाही. मला माहीतच होतं. … पहिल्या दिवसापासून. … चेंडू मी बघितलाच नाही रे. … हो. तिकडेच. … कोणीतरी दुसराच बसला होता त्यांच्या जागेवर. शेंगदाणे खात होता."

डॉटी उठली. चादर तिने चारी टोकं धरून उचलली, मोरीत टाकली आणि वर गरम पाणी सोडलं. पाणी फार वाजायला लागलं तसं लगेच बंद केलं.

"मी? मी कशाला बोलतोय! भ्यालो होतो. … आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, मोसम संपल्यावर सांगू. मग तू गेलास. मग दर वर्षी वाटायचं, आता फार उशीर झाला, आता सांगून काय. … हो. … म्हणून तर तुझ्या बहिणीशी लग्न केलं. … नाही, नाही, प्रायश्चित्त म्हणून नाही."

त्याने डॉटीकडे बघितलं. तिची कंबर, हात, एक गाल, सगळं लाल झालं होतं आणि मागे स्कर्टला रंगाचं झाकण चिकटलेलं होतं.

"बरं, थोडंसं," वॉल्टर म्हणाला. "… हो, हसतोय मी पण.

"एमिल, एक ऐक. शनिवारी ये. … नाही, मयत नाही कोणाचं. न्हाव्याच्या दुकानात जायचंय. सगळे असतात तिथे सकाळी. मी सांगणार आहे. … का म्हणजे? आपल्या त्या संघातले अजून नऊ-दहा जण आहेत जिवंत, त्यांना तरी कळू दे. … तुला काही बोलायचं नाही. तू नुसता शेजारच्या खुर्चीत बस. … हो. … हो, केसही कापून घे. … हं. देतो."

त्याने रिसीव्हर डॉटीपुढे धरला. "तुला द्यायला सांगतोय."

"हॅलो? … हो. … हो रे. … काय ऐकायचंय तुला? … मी चुकले. … काय? … ऐकू आलंय तुला, गाढवा, चांगलं ऐकू आलंय! … पुन्हा नाही म्हणणार. … मी चुकले! झालं समाधान? … त्या पोराबद्दलही, हो. … मिलीला काय सांगू ते मी बघते. … नाही, आता त्याच्यासाठी चांगलं काही लिहिणार नाही, दुसरी चादर नाही माझ्याकडे. … आणि एमिल, ऐक ना, आई शेवटपर्यंत म्हणायची, माझा पोरगा एका चेंडूवरून पळून जाणाऱ्यातला नाही, काहीतरी वेगळं आहे. मी तिच्याशी भांडायचे रे. तिला … हॅलो? … एमिल? … हॅलो?"

"गेला?" वॉल्टरने विचारलं.

"तुटला. त्याचा तो मोबाइल. कधी चार्ज करत नाही मेला."

ती बोलता बोलताच आकडे दाबत होती, बोटांचे लाल ठसे एकेका बटणावर उठत होते. एकदा लावला, लागला नाही. दुसऱ्यांदा लावला. वॉल्टरने तिच्या मागून येऊन ते झाकण हळूच सोडवून घेतलं.

पलीकडे घंटा वाजली. खूप वेळ वाजली.

"हॅलो? … हो, मीच. ऐक, आईचं राहिलं होतं सांगायचं."