जानेवारीतलं चारचं ऊन

नाशिकच्या द्वारका चौकात निफाडच्या बसची वाट बघत होतो. शेजारी एक मुलगी मांडीवर लॅपटॉप उघडून बसली होती आणि टोपीवाले आजोबा त्यात डोकावत होते.

“सृष्टे, ही आपल्या बागंसमोरचीच बिल्डिंग ना?”

“हो आबा. बांधायची अजून, म्हणून कॉम्प्युटरवर चित्र करतेय. ऑफिसातले सर म्हणतात, ऊन खोटं वाटतंय.”

“खोटंच हाय. गेट उत्तरंला, मग त्याच्यावर एवढं ऊन आलं कुठून?”

“समोरची बाजू उजळ दिसावी म्हणून सूर्य तिकडे ठेवलाय.”

“सूर्य काय बल्ब हाय, पायजे तिथं लावायला? आन् सावली इतकी काळी? मांडवाखाली उभं राहिलं तरी द्राक्षाचे घड दिसतात की आपल्याला. आभाळाचा उजेड असतो ना.”

“बरं, आकाशाचा उजेड वाढवते. सूर्य कुठल्या महिन्यातला ठेवू?”

“जानेवारीतला. दुपारी चारचा.”

“आता बघा. एकदम खरं वाटतंय!”

“सावली कुठवर गेली?”

“बारा मजल्यांची आहे आबा. रस्ता ओलांडून पार त्या गवतावर गेली.”

“तिथं गवत नाय, आपली बाग हाय. जानेवारीत मण्यात साखर भरती, तवाच ऊन लागतं.”

बस आली. दोघंही उठली नाहीत.

“आता हे सरांना दावणार?”

“सर म्हणतील, एवढी सावली बरी दिसत नाही, काढून टाक.”

“चित्रातली काढशील गं.”